एमिलच्या टकलाचं पोमेड

ब्लू फोर्क, नेब्रास्का
१२ मार्च १९८६

चि. सौ. लिबी हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे मी, माझे गुडघे आणि कोंबड्या सगळे ठीक आहोत. तुमच्याकडे ॲरिझोनातही ठीकच असणार असं धरून चालते, कारण तीन वर्षांत ख्रिसमसच्या कार्डाखेरीज तू काही कळवलेलं नाहीस, आणि त्या कार्डावरही ‘रूडी व लिबी’ एवढंच, तेसुद्धा छापलेलं. तुझ्या सांध्यांना तिथलं कोरडं ऊन मानवलं का? तुझ्या नवऱ्याची प्रकृती विचारायची नाही असं मी ठरवलं होतं, पण पत्राची रीत आहे म्हणून विचारते, कसा आहे तो? (उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. म्हणजे आता चालणार नाही, ते का ते पुढे कळेलच.) हे पत्र उभ्याने वाचू नकोस. मी जे पाहिलं ते खुर्चीत बसून पाहिलं म्हणून आज लिहायला शिल्लक आहे.

आपल्या जिल्ह्याच्या बेसबॉल कीर्तिदालनाची बैठक दर मार्चात भरते हे तुला सांगायला नको, त्याच बैठकीपायी तर आपलं बोलणं तुटलं. दालन म्हणजे अजूनही ती बियाण्यांच्या दुकानामागची खोलीच, आणि कीर्ती म्हणजे तिथल्या भिंतीवरच्या पितळी पाट्या. अध्यक्षही अजून दातांचे डॉक्टर हायनेकच (त्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहण्याची सवय आहे, कारण समोरच्याच्या तोंडात जन्मभर कापूस होता). कोणत्या निवृत्त खेळाडूची पाटी लावायची यावर माणसं जेवढी भांडतात तेवढी इथे मेयरच्या निवडणुकीतही भांडत नाहीत. ओटो बेडनारचे होमरन सगळ्यांत जास्त, पण ते आखूड मैदानावरचे, तेव्हा ते अर्धे धरायचे की पाऊण, एवढ्यावरून परवा दोन माणसं टोप्या घालून तरातरा निघाली. जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, कोलाचेंची परात आलेली दिसल्यावर परत येऊन बसली.

माझा एमिल देवाघरी गेल्यावर समितीतली त्याची खुर्ची मला दिली, आणि तीन वर्षांपूर्वी तुझ्या रूडीचं नाव आलं तेव्हा मीच आडवी आले, हे मी आजही लपवत नाही. रूडी चेंडूला काहीतरी चोपडतो हे अख्खा जिल्हा जाणत होता. सरळ येणारा चेंडू ऐन बॅटजवळ आल्यावर खाली बुडी मारायचा, आणि कोरड्या चेंडूला असलं काही जमत नाही. पंच येन्सननं भर सामन्यात त्याची टोपी तपासली, पट्टा तपासला, कानामागे बोट फिरवून पाहिलं, एकदा तर बूट-मोजेसुद्धा उतरवायला लावले (प्रेक्षकांत आपली आई बसली होती), आणि दर वेळी हात हलवत परत गेला. म्हणून अर्धी समिती म्हणते, पुरावा नाही. मी म्हणाले, लबाडी ती लबाडीच, मग तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा का असेना.

ओटो मागे पडल्यावर या वर्षी नावं दोन उरली, परत रूडी आणि पहिल्यांदाच माझा एमिल. लिबी, एमिलची पाटी त्या भिंतीवर बघायची आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढी एकच इच्छा माझी राहिलीय. इतके उन्हाळे तो रूडीसमोर उकिडवा बसून त्याचे चेंडू झेलत राहिला, गुडघ्यांची वाट लावून घेतली, आणि टाळ्या मात्र सगळ्या चेंडू टाकणाऱ्या पिचरला. कॅचरकडे कोण बघतो? तर मी भाषण पाठ करून गेले होते. रूडी कसा लबाड आणि एमिल कसा धुतल्या तांदळासारखा, ते मी असं काही ठणकावून सांगितलं की डॉक्टर हायनेकांचं चावणं थांबलं. मग शेवटचा घाव म्हणून (हे मला कुणी सुचवलं नव्हतं, माझीच अक्कल) एमिलची खेळाची कॅनव्हासची पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांदेखत उघडली. तो गेल्यापासून तिला हात लावायची माझी हिंमत झाली नव्हती. आतून त्याचा ग्लोव्ह निघाला, तोंडावरची जाळी निघाली, आणि पायाला बांधायचं नडगीचं कवच उचललं तर त्यातून एक चपटी डबी घरंगळत गेली ती थेट पंच येन्सनपुढे जाऊन थांबली. लॅव्हेंडरच्या वासाचं, तुपासारखं ओशट पोमेड होतं ते.

येन्सननं डबी उघडून नाकाशी धरली आणि त्याला सटासट शिंका सुरू झाल्या. शिंका आवरल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, एमिलच्या मागे उभा राहून मी जन्मभर शिंकलो. मला वाटायचं, केसांना लावतो.” झालं, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण एमिलला केस होते कुठे? आमच्या लग्नाच्या फोटोत त्याच्या डोक्यावर चर्चच्या खिडकीचा उजेड चमकतोय.

माझी मतीच गुंग झाली गं. सगळा जिल्हा रूडीचे मोजे हुंगत राहिला, आणि चेंडू चोपडून त्याच्याकडे परत फेकणारा मागे बसला होता, जाळीआड साळसूद चेहरा करून, माझा नवरा! आणि याहून भयंकर गोष्ट त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होती. ती डबी औषधांच्या दुकानातून मी स्वतः आणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात एमिल लाजत लाजत म्हणाला होता, यानं केस येतात म्हणे. मी बाई भोळी, डबीमागून डबी आणत राहिले. हिवाळ्यात, खेळ बंद असताना, त्याला केसांची कधी काळजी वाटली नाही, हे माझ्या डोक्यात परवा त्या खुर्चीत बसल्यावर शिरलं.

हायनेकांनी तिथूनच तुमच्याकडे फोन लावला, रूडीला डबीचं विचारलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून रिसीव्हर उंच धरला. (तू बाजारात गेली होतीस म्हणे, आणि रूडी आपण होऊन काही सांगायचा नाही, म्हणून मी लिहितेय.) मी डोळे गच्च मिटून घेतले. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं व्हायची यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळणार होती? त्याच्या जागी मी असते तर ढकललं असतं, आणि वर माझ्या त्या भाषणांचं उट्टंही काढलं असतं. आणि तुझा तो लबाड नवरा काय म्हणाला असेल? “एमिलला यातलं काही ठाऊक नव्हतं. डबी माझी, मीच त्याच्या सामानात लपवायचो. माझं नाव काढून टाका आणि त्याची पाटी लावा.” एवढं बोलून त्यानं तिकडचं हवापाणी सांगितलं आणि फोन ठेवला.

पोमेडचा धक्का मी कसाबसा पचवला असता, पण याचा नाही पचला. हायनेकांना तर हायसं वाटलं. त्यांनी लगेच एमिलचं नाव मताला टाकलं. सगळ्यांचे हात वर गेले, येन्सनचासुद्धा, रेंगाळत का होईना. माझा तेवढा राहिला. बाईला गहिवरून आलंय असं वाटून सगळे थांबले. पाटी एकमतानंच लागते, म्हणजे मी हात वर केला की लागली, लिबी, आणि हात काही उचलेना. मी म्हणाले, “डबी रूडीची नाही. मी आणायचे ती, एमिलसाठी.” मग जो गोंधळ झाला त्यात फळ्यावरची दोन्ही नावं पुसली गेली आणि बैठक मोडली. कोलाचे तसेच उरले, यावरून काय ते समज.

तर असं आहे. बाकी इकडे विशेष काही नाही. बर्फ वितळून चिखल झालाय. तब्येतीला जप.

तुझी थोरली बहीण,
अल्बीना

ता. क. दुसऱ्या दिवशी येन्सन घरी आला होता. मला वाटलं, समितीतून मला काढल्याचं सांगायला आला. तो म्हणाला, मी या दोघांच्या इतक्या जवळ उभा होतो आणि मला एकदाही कळलं नाही, अशा माणसांची पाटी लागायची नाही तर कुणाची? दोघांची मिळून एकच पाटी लावायची, असं त्यानं बाकीच्यांनाही पटवलंय. अट एकच. मोडलेली बैठक एप्रिलात परत भरेल तिला रूडीनं यायचं, खरं काय ते सांगायचं आणि मैदानावर तो चेंडू एकदा टाकून दाखवायचा, येन्सन मागे उभा असताना. तेव्हा त्याला घेऊन ये. वरची खोली मी झाडून ठेवलीय, आणि तुझी ती पिवळी रजई उन्हात घातलीय. त्याला माझ्या वतीनं काय सांगायचं ते तूच सांग, मला ते लिहायला जमत नाहीये.

आणखी एक ता. क. झेलायला मागे मीच बसणार आहे. कोठारात सराव चालू आहे. खाली बसता येतं, उठायला येन्सनचा हात लागतो. कालपासून डबी नडगीच्या कवचात घालूनच सराव करतेय, आणि त्यानं मला अजून एकदाही पकडलेलं नाही.

शेवटचं ता. क. हे रूडीला एकांतात विचार. दर रविवारी चर्चहून आल्यावर ते पोमेड मी स्वतः एमिलच्या टकलावर चोळून द्यायचे, आणि तो डोळे मिटून अगदी गप्प बसायचा. मला वाटायचं, बिचारा केसांची आशा धरून बसलाय. त्याबद्दल तो रूडीपाशी कधी काही बोलला होता का? हसायचा, असं रूडी म्हणाला तरी लिही, मी काही मनाला लावून घेणार नाही. पण त्याला ते आवडायचं असं काही कळलं, तर तेवढं मात्र पहिल्या ओळीत लिही.