कढत पाण्याचं कौतुक

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माझी कवितांची वही तू बांधून पाठवलीस, ती पोचली. चाळीस वर्षं वर्गात म्हटलेल्या ओळी आता कुठेही उघडल्या तरी पान सपाट पडतं, एक टाका ओढलेला दिसत नाही. असा हात आपल्या घरात दुसरा नाही. मी तर बटणही उलटं शिवतो.

तुझी बायको लिहिते की सकाळी उलट्या होतात, वजन उतरलंय, आणि तू दिवसातून चार-चारदा कढत पाण्यानं आंघोळ करतोस. लहानपणी न्हाणीघरात न्यायला ज्याला दोघांनी धरावं लागे, तोच ना हा? उलट्या पित्ताच्या असतील, पण स्वच्छतेचं कौतुक वाटलं. तरी डॉक्टरला दाखव.

आमचा लोभ आहेच, तुझाही राहू दे.
— दादा

२ मे

ती. दादास सा. न.

आंघोळीचं कौतुक परत घे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उलटी कशानं थांबते. कढत पाण्यानं, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, गांजा किती वर्षं ओढता. हिनंच सांगून टाकलं, सत्तावीस.

बायंडिंगच्या कारखान्यामागे मी ‘विचार करायला’ जातो, असं तू चारचौघांत अभिमानानं सांगायचास. तो विचार हाच. उलटी थांबावी म्हणून मी आणखी ओढायचो, आणि ती होत होती त्यानंच; कढत पाण्यानं थांबते ती उलटी बहुधा गांजाचीच, म्हणाल्या. अंगातलं पाणी जाऊन मूत्रपिंडांवर ताण आलाय, छातीत जुना कफ आहे, ओढल्यावर काळीज धडधडतं तेही बरं नव्हे म्हणाल्या. उपाय एकच, कायमचा सोडणं. नाहीतर मूत्रपिंडं हात टेकतील.

चोवीस दिवस सोडला. झोप नाही, नुसती चिडचिड. पंचविसाव्या दिवशी ओढला. पुन्हा उलट्या, पुन्हा सलाईन. तुला कळलं नसतं, पण कळवतो.

रागाव, पण पत्रं थांबवू नकोस.
— धाकटा

९ मे

चि. धाकट्यास, नेहमीपेक्षा जास्त आशीर्वाद.

रागवायचं म्हणून पेनात शाई भरून बसलो, पण राग आला तो माझाच. तुझ्या डोळ्यांतली लाली मला कवीची वाटायची. जन्मभर पोरांना ओळींचा अर्थ विचारला, सख्ख्या भावाला कधी नाही.

‘पंचविसाव्या दिवशी ओढला’, ही ओळ मी तुझ्या वहिनीला दोनदा वाचून दाखवली. इतके निबंध तपासले, पण स्वतःबद्दल असं उघडं वाक्य लिहिणारा क्वचितच भेटला. ती म्हणाली, सत्तावीस वर्षांनंतर ज्यानं चोवीस दिवस काढले त्याला कमी लेखू नका. तिचं गणित माझ्यापेक्षा नेहमीच पक्कं.

यापुढे दर सोमवारी एक कार्ड टाक. मजकूर नको, न ओढलेल्या दिवसांचा आकडा पुरे. शून्य असेल तर शून्य लिही, पण कार्ड चुकवू नकोस.

माया आहे तशीच आहे.
— दादा