गाडीचं ऊन

१२ मे, रविवार

आज गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. अजून हसू येतंय.

हे बोटीवर गेले की गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी. मला चालवता येत नाही. मग हे परत येईपर्यंत बॅटरी मेलेली, आणि धक्का मारायला अख्खी वाडी. या खेपेला मी छोटं सोलर पॅनेल आणून अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि वायर बॅटरीला जोडली. हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा बंद. वायर उलटी लागली? की मीच शहाणपणा करायला गेले? बाहेर जाऊन बघते तर सासूबाईंनी पॅनेलवर फडका पसरून आमसुलं वाळत घातलेली. "ऊन तिथंच बरं लागतं गो," म्हणाल्या. मी सांगितलं, "आई, ते गाडीचं जेवण आहे." आमसुलं उचलली, पुन्हा हिरवा दिवा.

आज हे आले. सवयीने धक्क्याला चौघांना बोलावलं. ते मागे हात लावून उभे, आणि यांनी चावी फिरवताच गाडी सुरू.

"चार्ज कोणी केली रे?" यांनी त्या चौघांना विचारलं. मला नाही. जरा लागलंच.

तेवढ्यात शेजारच्या काकू सुपात आमसुलं घेऊन ती वाळत घालायला गडग्याकडे निघाल्या. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तिथं नको गो. आमच्या सुनेची गाडी जेवत्ये."

यांनी वळून आधी हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

सुनेची गाडी, म्हणाल्या. आता चालवायला शिकणं आलं.