मागच्या सीटवरची जागा

आत्या,

बाबांच्या जुन्या गाडीच्या बसलेल्या मागच्या स्प्रिंगा परवा बदलल्या. "तू बसलीस की गाडी मागून टेकते," म्हणत बाबांनी दर सहलीला तुला बसने पाठवलं आणि आम्ही काचेतून हात हलवले.

काम करताना मिस्त्रीने डिकीतली फळी उचलली, तर खाली वाळूची दोन पोती. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून बाबांनीच कधीतरी ठेवली आणि विसरले. पोती बघून बाबा म्हणाले, "तरी तुझी आत्या काही हलकी नव्हती."

पोती काढली, आता गाडी मागून उंच झालीय. नव्या स्प्रिंगा बसायला मागे वजन हवं, असं मिस्त्री म्हणतो. तुला बोलवावं, तर कारण काय लिहू? म्हणून हे पत्र टाकत नाही. रविवारी गाडी घेऊन तुला सहलीला न्यायलाच येतो.

बाबा बसने येतील.

तुझा,
काचेतून हात हलवणारा भाचा