डिटेरिओरेट व्हायला वेळ लागतो

बाई, आज माझ्या नववीच्या वर्गात ‘डिटेरिओरेट’ हा शब्द आला आणि मी तुमचंच उदाहरण फळ्यावर लिहिलं. बर्फ संपला की टोपलीतली मासळी तासातासाला उतरत जाते, ते डिटेरिओरेट. माझी आई मिरकरवाड्यात मासळी विकायची, म्हणून तुम्ही ते खास माझ्यासाठी काढलं होतंत. त्याआधी मी वहीत लिहिलं होतं की माझी सायकल काल डिटेरिओरेट झाली. “एका दिवसात? आपटलीस का गो कुठे?” तुम्ही विचारलंत आणि सगळा वर्ग हसला. “ह्या क्रियापदाला वेळ लागतो. आणि अर्थ ठाऊक असेल तर सांगावा, नाहीतर गप्प बसावं. मनातलं घालायचं नाही.” मला भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे, कारण सायकल खरंच जुनी होती.

तुमची नजर गेल्यावर तुमचे कागद मीच वाचायचे. त्या जुलैत मी तुमच्या किडनीचा रिपोर्ट घेऊन आले. तुम्ही ओट्याशी चहा गाळताय, कपाच्या काठाला बोट लावून, अंदाजाने. “वाच गो. बिघडत चाललं असेल तर ह्याच आठवड्यात मुरुडला जाऊ, ताईला भेटून घेते. नाहीतर गणपतीनंतर बघू.” कागदावर तोच शब्द होता. मी वाचलं, ‘स्टेबल.’ “मग घाई नाही,” म्हणालात आणि चहा पुढे केलात. पुन्हा वाच, असं म्हणाला नाहीत. गणपतीच्या आठ दिवस आधी तुम्ही गेलात.

बाराव्याला तुमच्या ताई आल्या, काठी टेकत. “अगो, मला कळवायचंस. मीच आले असते. तुला काहीच कळलं नव्हतं?” मी नाही म्हटलं. म्हणजे त्यांनाही खोटंच सांगितलं.

हे पत्र खरं तर ताईंना पाठवायला हवं. त्या अजून मुरुडलाच आहेत, पत्ताही आहे माझ्याकडे. पण माझ्याच्याने होणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की तुम्हाला धक्का बसू नये म्हणून मी तसं वाचलं. तेही होतंच. पण मुरुडला तुम्हाला मीच न्यायचं होतं, मी शिकवायचे त्या शाळेत चाचणी परीक्षा चालू होती, आणि बाई, मला रजा मागायचा कंटाळा आला होता.