मौनातला इंग्रजीचा तास

आई, तू आज असतीस तर माझा मोबाईल उलटापालटा करून विचारलं असतंस, "याच्यात पोरं बसतात तरी कुठे ग?" बरोबर आहे तुझं. मी घमापुरातल्या आमच्या शाळेच्या वरच्या खोलीत एकटीच कॅमेऱ्यापुढे उभी राहते, अन् पोरं बसतात तिकडे बरगी धरणाजवळच्या एका खेड्यात, वर्गातल्या मोठ्या टीव्हीसमोर. त्या हिंदी शाळेत इंग्रजी शिकवणारं कोणी नाही, म्हणून दुसरी-तिसरीच्या पोरांना मी इथूनच ऑनलाइन शिकवते. तू जन्मभर शाळेत खडू झिजवलास. माझा फळा चौदा कोस लांब आहे, पण चालतो, अन् चांगला चालतो, हे मी छातीठोक सांगते.

सुरुवातीला मात्र मी हावरटासारखी वागली. जे नवीन दिसलं ते तासात आणलं. पडद्यावर नावांचं चाक फिरायचं, ज्याचं नाव येईल त्यानं उठून बरोबर चित्रावर बोट ठेवायचं, की फुगा फुटायचा, टाळ्या वाजायच्या, चांदण्या पडायच्या. पोरं काय खूश! गाय कोणती, सफरचंद कोणतं, पटापट दाखवत. पण तोंडातून इंग्रजीचा एक शब्द निघेल तर शपथ. तिकडचे गुरुजी एकदा हसत म्हणाले, "दीदी, इनकी उँगली तो अंग्रेज़ हो गई, ज़बान अभी बरगी में ही है." असा राग आला मला! पण माणूस खोटं बोलत नव्हता.

त्यातच कळलं, जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब तास बघायला येणार. पोरं बोलली नाहीत तर तास बंद, अन् टीव्ही दुसऱ्या शाळेला. मग त्यांना इंग्रजी कोण शिकवणार होतं? पुढे मोठ्या शाळेत गेली की मागच्या बाकावर माना खाली घालून बसली असती. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी आणखी नवे खेळ धुंडाळत बसली, अन् एका रविवारी पोळ्या लाटता लाटता तू आठवलीस.

बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. चातुर्मास आहे, सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत तुझं मौन. शेजारच्या काकू मौनात नुसत्या हुं हुं करून अख्खं घर चालवतात. तू तेही करत नाहीस. तुझा नेम तुझाच. इंग्रजीत सांगितलं तर सांगाल ते करणार, मराठीत मागितलं तर ठार बहिरी. दादा रडकुंडीला आलाय, "वरण काहून देऊन नाही राहिली?" तू ढिम्म. मी भीत भीत "गिव्ह मी वरण" म्हणते अन् माझ्या भातावर वरण पडतं. मग दादाला चेव येतो. "आई, सिट डाऊन!" अन् तू उलथनं हातात घेऊन खरंच खाली बसतेस. तव्यावरची पोळी जळून राहिली, बाबा दारातून "अगं धूर, धूर!" करून राहिले, तू त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस. शेवटी तेही ओरडतात, "मॅडम, स्टँड अप प्लीज!" आपण किती हसलो होतो ग. तुझं तोंड बंद, पण खांदे गदगदा हलत होते.

साहेब आले त्या दिवशी मी चाक लावलं नाही, फुगे लावले नाहीत. पोरांना एवढंच सांगितलं, "आज मैं नहीं बोलूँगी. तुम अंग्रेज़ी में हुकुम दो, मैं मानूँगी." अन् माझ्या आवाजाचं बटण बंद केलं. तिकडे एकच धांदल. गुरुजी वायरी हलवून राहिले, साहेब खुर्चीतून वाकून, "मैडम, आवाज़ नहीं आ रही!" मी हूं की चूं केलं नाही. मला माहीत होतं हे चालणार. आपल्या घरात चाललं होतं ना.

मग एक पोरगी उठली, मासेमाराची, जिनं आजवर बोटही वर केलं नव्हतं. बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, सिट डाऊन." मी धपकन बसली. वर्ग असा हसला, अन् मग धरणाची दारंच उघडली. स्टँड अप, टर्न, जम्प! या वयात उड्या मारल्या मी आई, गुडघे बोंबलून राहिले होते. एक जण ओरडला, "मॅडम, ईट फिश!" तर काटे काढून काढून हवेतला मासा खाल्ला. कोणी थांबेचना. शेवटी साहेबच उभे राहिले, "मैडम, प्लीज़ स्पीक!" हुकूम इंग्रजीत होता, मानावाच लागला. मी बटण दाबून थँक यू सर म्हटलं.

तास सुरू आहे. चाकही मी टाकून दिलं नाही; आता ते फिरलं की मला हुकूम कोण देणार ते ठरतं. दुसऱ्या शाळांच्या मॅडम विचारतात, कोणतं ॲप आहे हो? मी म्हणते, घरचं आहे.

एक सांगू? परवा मी आपल्या घरीही मौन धरून पाहिलं. तुझ्या नातीला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच. जावई तर तुझे हिंदीवालेच. मी तिला म्हटलं, आज मराठीत मागशील तरच वाढीन. ती म्हणाली, "अच्छा मम्मी, चलो," अन् उठून स्वतःचं वाढून घेतलं. माझंही ताट वाढलं, पोळीला तूप लावून पुढ्यात ठेवलं. गुणाची आहे पोरगी. मी गुपचूप जेवली.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते कळतं मला. अन् खरं सांगते, तासाची शेखी मिरवायला नाही लिहिलं. बाबा गेले, दादा गेला. घरात मराठीत बोलायला आता कोणी नाही, म्हणून तुझ्याशी बोलून राहिली.