आपल्या दोघींचं माप

कवठे येमाई,
जानेवारी २००४

प्रिय बये,

आधी पोटभर हसून घे, मग पुढं वाच. तुझी पुतळी लुगड्यावर बूट घालून फिरायला जाते! पांढरे, कापडी, नाडीचे. रक्तात साखर निघाली तेव्हा शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज चालायचं आणि अनवाणी ओट्याखालीसुद्धा उतरायचं नाही. पहिल्याच दिवशी डेअरीवर भिमाजीनं विचारलं, काय मामी, पोलिसात भरती निघाली व्हय? म्हटलं, निघाली की, पण तुझं पोट बघून तुला फाटकातूनच माघारी लावतील. आता त्याचीच बायको म्हाळसा माझ्यासोबत ओढ्यापर्यंत येते. चालता चालता सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या निघतात. साखर खाली आलीय आणि झोप अशी लागते की विचारू नकोस.

खरी मजा घरात आहे. रोज तळपाय बघायला सांगितलेत, पण मला ना वाकता येत, ना धड दिसत. एका संध्याकाळी आमचे मालक चष्मा लावून माझ्या पायाशीच बसले. मी पाय ओढून घेतले. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? शिव शिव! तर म्हणतात कसे, जन्मभर बैलांची खुरं बघितली, तुझी बघायला कसली लाज? मेल्याला बोलायची पोच म्हणून नाही! पण त्याच दिवशी त्यांना टाचेत बाभळीचा काटा सापडला. चांगला आत गेलेला. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता गं. तेव्हा मात्र रडले. आता ते रोज माझे पाय धुतात, बोटांच्या बेचक्यातून कोरडे पुसतात, आणि मी राणीसारखी बसून राहते.

त्यावरून पाबळची शाळा आठवली. आपल्या दोघींत चपलांचा एकच जोड होता. एक दिवस तुझ्या पायात, एक दिवस माझ्या. आणि जिच्या पायात चपला, तिनं दुसरीला हाताला धरून काट्याकुट्यातून न्यायचं.

आता रागावू नकोस. तुझ्या सुरेखाचा फोन आला होता. सून असली तरी रडत होती पोरगी. तुझा अंगठा काळा पडत चाललाय आणि तू हळद दाबून, मोजा चढवून बसलीस म्हणे. दुखत न्हाई, म्हंजी काय न्हाई, असं सगळ्यांना सांगतेस. अगं वेडे, साखरेत दुखत नाही हेच तर वाईट! वर नवस काय, तर बरी झाले की शिरूरपासून येमाईच्या देवळापर्यंत अनवाणी येईन. मला फार भीती वाटतेय, बये. काल देवळात जाऊन सांगून आले, आई, बयाचा नवस माझ्याकडं दे, तिच्या वाटचं मी चालते, पण बूट घालून. कौल काही मागितला नाही. आई हाय ती, नाही कशाला म्हणेल?

फोनवर तू विषय बदलतेस, समोर आले की चहा टाकायला पळतेस. म्हणून आमच्या नवनाथच्या हाती हे पत्र आधी आत पाठवलं. वाचून झालं असेल तर दाराबाहेर बघ. जीपमध्ये मी बसलेय. मांडीवर तुझे नवे बूट आहेत, माझ्याच पायाला घालून बघून घेतलेत. अंगठा बरा झाल्यावर घालायचे. आज सरळ दवाखान्यात जायचं. दारापासून जीपपर्यंत मी हाताला धरून नेते, आज माझी पाळी आहे.

तुझीच, जोडातली दुसरी,
पुतळी