तुंबडीच्या खुणा

बाबा,

आंघोळ झाली की तुम्ही ओसरीच्या खांबाला पाठ घासत उभे राहायचात. आई चुलीपुढून ओरडायची, "म्हैस होय का तुमी, खांबाले अंग घासून राह्यले!" दुसऱ्या दिवशी ती कडुनिंबाचा पाला घालून बंबाचं पाणी आणखी कढत करायची आणि तुमची खाज आणखी वाढायची. अजून डोळ्यांपुढे आहे, मी भाकरीचा तुकडा हातात धरून हसते आहे, तुम्हीही हसता आहात. चेहरा लालबुंद. बाजारात लोक म्हणायचे, "सकायीच घेतली काय भाऊ?" तुम्ही तर थेंबालाही कधी शिवला नाहीत.

अधूनमधून तुम्ही वरवट बकालच्या बाजारात तुंबडीवाल्यासमोर बसायचात. तो मानेखाली बारीक चिरे द्यायचा, त्यांवर पोकळ शिंग लावायचा आणि तोंडाने ओढून रक्त काढायचा. घरी आल्यावर तुम्ही म्हणायचात, "पोरी, डोकं कसं कापसावानी हलकं झालं माह्यं." नववीची परीक्षा देऊन मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून घरी आले ती मोठी शहाणी होऊन. म्हटलं, हा अडाणीपणा आहे, माझी शपथ घ्या. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "बरं बाप्पा, नाही जात." आणि खरंच गेला नाहीत. पुढच्या दिवाळीआधी तुमची उजवी बाजू लुळी पडली आणि महिन्याभरात तुम्ही गेलात.

साठी उलटल्यावर मलाही आंघोळीनंतर तशीच खाज सुटू लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त बनवणाऱ्या पेशींत जॅक-टू नावाचं एक जनुक असतं. त्यापासून एक प्रथिन बनतं, टायरोसिन कायनेज जातीचं. बाहेरून सांगावा आला की ते पेशीला 'रक्त बनव' म्हणतं, एरवी गप्प बसतं. माझ्या त्या जनुकात इवलासा बदल झाला आहे, म्हणून ते कुणी न सांगताच हुकूम सोडत राहतं. रक्त दाट होतं, चेहरा लाल दिसतो, कढत पाण्यानं खाज सुटते, आणि गुठळी होऊन अर्धांगाची भीती असते. मी विचारलं, उपाय काय? "रक्त काढायचं, मावशी. पिशवीभर. आन् एक बारीकशी गोळी रोज."

मी तुंबडीची सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, "मग माझ्या शपथेनं गेले का हो ते?"

डॉक्टर तुमच्या नातवाच्या वयाचे. हसले नाहीत. "तुंबडीनं निघून निघून किती निघते? वाटीभर. तेवढ्यानं अर्धांग थांबत नसते. आन् त्यायले हेच होतं, हे तरी आता कोण सांगीन?" माझ्या मुलीलाही हे होईल का, विचारलं, तर म्हणाले, हा बदल बहुधा जन्मासोबत येत नाही, पुढे कधीतरी पेशीत होतो. एखाद्या घरात दोघांना दिसतो, पण तिनं भिऊन राहू नये.

आता ठरलेल्या दिवशी मी जाते, हात पुढे करते. परतताना एसटीत खिडकीशी बसते, कापसाची शेतं मागे जातात आणि डोकं तुम्ही म्हणायचात तसंच हलकं होतं. आंघोळ कोमट पाण्यानं करते. बरी आहे मी, बाबा.

हे पत्र जाणार कुठे? माझ्या फायलीतच राहील. फाईल मुलीला द्यायची. तिचा चेहरा लाल दिसला तर तिनं आधी रक्त तपासावं, पाला उकळत बसू नये. तांब्याचा बंब सुनेला, तिला तो आवडतो. तुमचा जपून ठेवलेला पंचा कुणाला नको, तो माझ्यासोबत सरणावर जाऊ दे.

आणि एक. शपथ घातली ती विज्ञानासाठी नव्हती. तुम्ही वसतिगृहावर मला घ्यायला आलात, तेव्हा मैत्रिणींनी तुमच्या मानेवरच्या त्या गोल खुणा पाहिल्या होत्या. मला तुमची लाज वाटली होती.